टाइप १ शुगर आणि हरतालिकेचा निर्जळ उपवास: इंजेक्शनचं काय करायचं?

प्रश्न: वावरवाली (ता. दारव्हा)

वहिनीची लग्नानंतरची ही पहिलीच हरतालिका. वय २३, टाइप १ शुगर लहानपणापासून. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ३०/७० इन्सुलिन, बाटली-सिरिंजवालं. उपवास धरायची इच्छा तिची स्वतःची आहे, कोणाची जबरदस्ती नाही. पण घरात सगळे वेगवेगळं सांगून राहिले. आजी म्हणते, पाणीसुद्धा नको. कोणी म्हणते, जेवणच नाही तर इंजेक्शन कशाला? कोणी म्हणते, अर्धं घे. खरं काय? महिनाभर हातात आहे.

सिस्टर_यवतमाळ

ताई, महिना आधी विचारलंत ते फार बरं केलं.

"जेवण नाही तर इंजेक्शन नाही" हे टाइप १ मध्ये जीवावर बेतू शकतं. आपण खाल्लं नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहतं. ती वापरायला इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. टाइप २ च्या गोळीवाल्या मावशींचा अनुभव इथे लागू करू नका, त्यांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन बनत असतं.

आता ३०/७० ची अडचण. त्यात ३० भाग लवकर काम करणारं आणि ७० भाग सावकाश चालणारं इन्सुलिन असतं. सकाळी ८ ला घेतलं तर सावकाशवाल्याचा जोर साधारण दुपारी १२ ते संध्याकाळी ६ मध्ये येतो. त्या वेळी पोट रिकामं असेल तर साखर खाली जाणारच. पूर्ण डोस घेतला तर दुपारी साखर कमी होण्याचा धोका, सोडला तर कीटोनचा. अर्धं घेतलं तरी दोन्ही भाग अर्धे होतात, मूळ अडचण तशीच राहते. म्हणून ३०/७० वर निर्जळ उपवास बसत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

मग दोन रस्ते उरतात. एक, फराळाचा उपवास: इंजेक्शनच्या वेळा त्याच, त्या वेळी मोजून फराळ, दुपारीही थोडं खाणं, आणि डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यायचं. दुसरा, डॉक्टरांशी बोलून दिवसभराचं वेगळं आणि जेवणाचं वेगळं अशा इन्सुलिनवर जायचं. त्यात जेवण नसेल तर जेवणाचा डोस गळतो, पण दिवसभराचा चालूच राहतो. तो १०-२० टक्के कमी करायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतात. हा बदल सणाच्या तोंडावर करू नका, डोस बसायला काही आठवडे लागतात.

बदललंच तर बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (एका मिलीत किती युनिट) ते वाचा. लाल टोपणाची सिरिंज ४० ची असते. १०० चं इन्सुलिन त्या सिरिंजने १० रेघा भरलं तर शरीरात २५ युनिट जातात.

भगर_आणि_आमटी

फराळ म्हणजे हलकं, हा समज आधी काढा. कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे ४४ ग्रॅम कार्ब (साखर वाढवणारा पिष्टमय भाग) असतात. बटाटा आणि दाण्याचा कूट धरून एक प्लेट उसळ ५५-६० वर जाते, म्हणजे ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी! शिवाय तेल आणि कुटामुळे साखर उशिरा चढते. दोन तासांनी तपासली तर बरी दिसते, चार तासांनी वर. घाबरून लगेच जादा इंजेक्शन टोचलं तर आधीच्या डोसवर डोस चढतो आणि रात्री साखर पडते.

त्यापेक्षा ५० ग्रॅम कोरडी भगर (३३ च्या आसपास कार्ब), सोबत दाण्याची आमटी आणि दही. २०० मिली दुधात १०, मध्यम केळात २५ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ५. भगर शिजवायच्या आधी मोजा, शिजल्यावर पाण्याने वजन वाढतं आणि अंदाज चुकतो. त्या दिवशी निंदणाला वावरात पाठवू नका. अंगमेहनतीने साखर त्या वेळीही उतरते आणि रात्रीही.

वावरवाली

फराळाचंच पक्कं करतो. मशीन आहे, पण स्ट्रिपा मोजक्याच. कधी कधी तपासायचं? आणि आजीला काय सांगू?

सिस्टर_यवतमाळ

सात स्ट्रिपा तरी बाजूला ठेवा: सकाळी इंजेक्शनआधी, ११, २, ५, रात्रीच्या इंजेक्शनआधी, झोपताना किंवा जागरण असेल तर १२ ला, आणि पहाटे ३.

७० च्या खाली आली की उपवास तिथेच थांबवायचा. तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी, अजून कमी असेल तर परत तेवढीच साखर. पेढा किंवा लाडू नको, त्यातल्या तुपाने साखर चढायला वेळ लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

जागरणाला शेजारी बसणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, डोलणं दिसलं तर "झोप आली" किंवा "अंगात आलं" म्हणत बसू नका. आधी बोट टोचून पाहा, मशीन जवळ नसेल तर सरळ साखरपाणी द्या.

दुसरी चूक जास्त घातक आहे. मळमळ, उलटी, पोटदुखी, खोल धाप लागली की घरात "उपवासाचं पित्त" म्हणून थंड दूध देतात. टाइप १ मध्ये ते कीटोन असू शकतात, आणि उपाशीपोटी साखर २०० च्या आसपास असतानाही ते वाढतात. लघवीत कीटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलवर आधीच मागवा. पट्टी गडद जांभळी झाली, उलट्या थांबत नसल्या किंवा साखर ३०० च्या वर राहिली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, आणि दारातच सांगा: टाइप १ आहे, उपवास होता.

पोथीवाले_काका

आजीला सांगा बेटा, पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं धर्मशास्त्रातच सांगितलेलं आहे. इन्सुलिन औषधच आहे. साखर उतरल्यावर दिलेलं साखरपाणीही औषधच. वाळूची पिंड, पत्री, कहाणी, आरती सगळं यथासांग करा. सुनेच्या व्रतात काही उणं राहत नाही.

भगर_आणि_आमटी

दुसऱ्या दिवशीचं राहिलं. उपवास सोडताना त्याच दिवशी गणपती बसतो, नैवेद्याला हमखास उशीर होतो. ३०/७० टोचून ती आरतीला उभी राहिली आणि ताट दोन तासांनी आलं, असं होऊ देऊ नका. पूजा आटोपू द्या, स्वयंपाक झाल्याची खात्री करा, मग इंजेक्शन आणि अर्ध्या तासात ताट. पूजा फारच लांबणार असेल तर तिला नेहमीच्या वेळी इंजेक्शन देऊन आधी जेवू घाला. पहिल्या ताटात मोदक एकच, वरण आणि भाजी जास्त.