शब्दचर्चा : किटोसिस ‘होतो’, ‘सुरू होतो’ की माणूस त्या‘मध्ये’ असतो?

प्रश्न : भात-पोळी सोडलेल्या मंडळींच्या बोलण्यात ‘मी सध्या किटोसिसमध्ये आहे’ हे वाक्य वरचेवर येते. या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत त्याला कोणते क्रियापद शोभते, आणि बोलणाऱ्याला ते कशावरून कळते?

प्रतिसाद १ : ‘किटोन’ हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ लेओपोल्ड ग्मेलिन यांनी १८४८ मध्ये रूढ केला. असिटोनला जर्मनमध्ये तेव्हा ‘आकेटोन’ही म्हणत, त्याचे पहिले अक्षर गळून हे नाव झाले, मुळाशी आहे शिरक्याचे लॅटिन नाव ‘असेटम’. ‘ओसिस’ हा ग्रीक प्रत्यय केवळ अवस्था दाखवतो, परंतु सिरोसिस, ट्यूबरक्युलोसिस अशा शब्दांच्या सहवासामुळे तो कानाला रोगट वाटतो. कर्बोदके पुरेशी मिळेनाशी झाली की यकृत मेदाम्लांपासून किटोन पदार्थ तयार करते आणि मेंदू व स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे त्यांतला मुख्य किटोन पदार्थ, लिटरमागे ०.५ मिलिमोलच्या वर गेले की आहारजन्य किटोसिस मानतात. म्हणजे हा शब्द मापावर उभा आहे, जाणिवेवर नाही.

म्हणून ‘कळते कसे’ याचे सरळ उत्तर असे, की बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणाऱ्या किटोन मीटरने कळते. लघवीची पट्टी स्वस्त पडते, पण तिच्यावरील जांभळा रंग असिटोअसिटेट या दुसऱ्या किटोनचा असतो. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही, आणि पाणी भरपूर प्यायले असेल तर रंग फिका येतो. श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा वास येणे ही बरी खूण आहे, कारण असिटोन हा तिसरा किटोन फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. तोंड कोरडे पडणे, भूक मंदावणे, डोके दुखणे यांवरून मात्र काहीच ठरवू नये. पहिल्या आठवड्यात उतरलेले वजनही पुरावा नव्हे, कारण त्यात ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीराने साठवलेल्या कर्बोदकाबरोबर, निघून गेलेले पाणीच पुष्कळ असते.

प्रतिसाद २ : आमच्या पशुवैद्यकात याला ‘कितनबाधा’ असा शब्द आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त दूध देणारी गाय खुराक टाकते, दूध घटते, श्वासाला गोडसर वास येतो. तो शब्द माणसांसाठी का वापरू नये?

प्रतिसाद १ : शब्द देखणा आहे, पण ‘बाधा’ हा घटक आड येतो. गायीच्या रक्तात १.२ मिलिमोलला सुप्त आजार धरतात, तर आहार पाळणारा माणूस तेवढ्यावर खूश असतो. एकाच मापाला गोठ्यात बाधा आणि घरात यश म्हणायचे असेल, तर निदान घरापुरता ‘बाधा’ शब्द नको.

प्रतिसाद ३ : मधुमेही रुग्णाच्या ‘लघवीत असिटोन आले’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो किटोसिसच का?

प्रतिसाद १ : किटोन तेच, पण त्या वेळी विचारायचा शब्द ‘किटोअ‍ॅसिडोसिस’ हा आहे, आणि या दोन शब्दांतील गल्लत जिवावर बेतू शकते. इन्शुलिनच्या अभावी किटोन बेसुमार वाढतात, बहुधा ३ मिलिमोलच्या पुढे जातात, आणि रक्त आम्लधर्मी होते. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, ग्लानी असे काही दिसले तर पट्टीच्या रंगाची चर्चा करत न बसता रुग्णालय गाठावे. काही मधुमेही औषधांमुळे, विशेषतः नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांमुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही हे घडू शकते.

प्रतिसाद ४ : मग एकादशीला ‘उपास बाधला’ म्हणतात, तो किटोसिस समजावा काय?

प्रतिसाद १ : साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे आणि वर केळे, एवढे पिष्ट व साखर पोटात गेल्यावर यकृताला किटोन करण्याचे कारणच उरत नाही. ती बाधा बहुधा तेलातुपाची असते. निर्जळी उपासात किटोन वाढतात हे खरे, पण तेव्हाचे डोके केवळ तहानेनेही दुखू शकते.

क्रियापदाविषयी माझे मत असे : ‘शुद्धीत’, ‘गुंगीत’ अशी सप्तमी मराठीला परकी नाही, परंतु त्या अवस्था समोरच्याला दिसतात; ही दिसत नाही. ‘किटोसिस झाला’ म्हटले की आजार झाल्यासारखे वाटते. म्हणून मी ‘किटोसिस सुरू झाला आहे’ असे लिहीन, आणि तेही मीटरचा आकडा पाहिल्यावरच.