प्रतिसाद: नेमकी धडकेचीच क्लिप का उघडत नाही?

समोरासमोर धडक झाली, डॅशकॅमच्या (गाडीच्या पुढच्या काचेमागे लावलेला, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) आधीच्या सगळ्या क्लिप चालतात आणि शेवटची, धडकेचीच उघडत नाही, अशी तक्रार वरच्या पोस्टमध्ये आहे. बहुतेकांनी मेमरी कार्डला दोष दिलाय, पण मला मूळ कारण वीज गेल्याचं वाटतं. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली, पुढेच असते. जबर धडकेत ती किंवा तिची वायर तुटते आणि कॅमेऱ्याचा पुरवठा त्याच क्षणी बंद होतो. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली, तर चित्रण कार्डावर असूनही प्लेअरला ते वाचता येत नाही.

म्हणून डॅशकॅम घेताना मेगापिक्सेलपेक्षा आत सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आहे का ते बघा. तो फाइल नीट बंद करण्यापुरते काही सेकंद देतो, आणि काचेमागच्या उन्हात लिथियम बॅटरीसारखा फुगत नाही. मात्र तो जुना झाला की क्षमता घटते. त्यामुळे अधूनमधून रेकॉर्डिंग चालू असताना सरळ कॅमेऱ्याचा प्लग उपटा आणि शेवटची क्लिप उघडून बघा. एवढी साधी चाचणी कोणी करतच नाही! एमपी४ऐवजी टीएस या व्हिडिओ फॉरमॅटचा पर्याय असेल तर तोच निवडा. त्यात १८८ बाइटची छोटी पाकिटं असतात, मध्येच तुटलं तरी आधीचं चालतं.

ज्यांची क्लिप अडकलीय त्यांनी ते कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, संगणकावर काढा. त्याच कॅमेऱ्याची एखादी धड क्लिप नमुना म्हणून दिली, तर 'अनट्रंक'सारखं मोफत साधन बऱ्याचदा बिघडलेली फाइल जुळवून देतं.