हेलसिंकीतील अंधारा हिवाळा आणि मनाची मरगळ : सल्ला हवा आहे

धागाकर्ता :
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त पुण्याहून फिनलंडची राजधानी हेलसिंकीला आलो. येथे डिसेंबरअखेरीस सूर्य सकाळी साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला मावळतो; कार्यालयात जाताना अंधार, परततानाही अंधार. पहिला हिवाळा नवलाईत निघून गेला, परंतु गेल्या वर्षी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दहा-दहा तास झोपूनही अंग जड राहत असे, गोडाची आणि भाताची वखवख सुटे आणि मित्रांचे फोनही उचलावेसे वाटत नसत. एप्रिलमध्ये सारे आपोआप ओसरले. घरात दिवे जास्त लाव, असे आई म्हणते. प्रकाशोपचाराचा दिवा घ्यावा, की ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुरेत?

प्रतिसाद १ :
मी उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सोला राहते. आमच्याकडे नोव्हेंबरअखेरीस मावळलेला सूर्य मध्य जानेवारीपर्यंत क्षितिजावर येत नाही आणि डोंगरांमुळे शहराला तो २१ जानेवारीच्या सुमारास दिसतो. त्या दिवशी येथे जॅम भरलेले तळलेले गोड पाव खाण्याची रीत आहे. (वखवख केवळ तुम्हालाच सुटते असे नाही!) तुमच्या आईंचे म्हणणे दिशेने बरोबर आहे, मात्र घरातील नेहमीच्या दिव्यांचा प्रकाश काही शे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढाच भरतो. उपचारासाठी १०,००० लक्सचा दिवा लागतो, आणि एवढा प्रकाश किती अंतरावर मिळतो हे विकत घेण्यापूर्वी अवश्य पाहावे, कारण पुष्कळ लहान दिव्यांत तो अगदी तोंडाजवळ बसल्यासच मिळतो. उठल्यावर तासाभरात सुमारे ३० मिनिटे, न्याहारी करताना, त्याच्याकडे टक लावून न पाहता बसावे. संध्याकाळी वापरल्यास झोप बिघडते. ऑक्टोबरअखेर हिवाळी वेळेसाठी घड्याळे तासभर मागे सरकतात, त्यापूर्वीच सुरुवात करावी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालून यावे. ढगाळ आकाशही खोलीतल्या दिव्यांपेक्षा अधिक उजेड देते.

प्रतिसाद २ :
मी मानसोपचार क्षेत्रात काम करतो. जास्त झोप, जास्त भूक आणि वसंतात आपोआप उतार हे वर्णन ऋतुजन्य नैराश्याशी जुळते. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ड जीवनसत्त्व हाडांसाठी जरूर घ्यावे, परंतु त्यावर हे नैराश्य हटेल अशी आशा धरू नये. दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतील पडद्याचा) विकार असल्यास, किंवा तुम्हाला अथवा घरात कोणाला उन्मादाचे (मॅनियाचे, म्हणजे टोकाच्या अतिउत्साहाचे) झटके आलेले असल्यास, दिवा डॉक्टरांना विचारूनच वापरावा, कारण तीव्र प्रकाशाने उन्माद उफाळू शकतो. दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास समुपदेशन आणि औषधे हे दोन्ही मार्ग आहेत. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र एक दिवसही थांबू नये.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. आमच्या काकांना उन्मादाचे झटके येत असत, ही गोष्ट मी डॉक्टरांना आजवर सांगितलेलीच नव्हती. दिव्याची मागणी तूर्त थांबवली असून, येत्या आठवड्यात नोकरीमार्फत मिळणाऱ्या आरोग्यसेवेची वेळ घेतली आहे.