कारागृहातल्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांना व्यवसायाची तत्त्वं कशी शिकवू?

मी वाणिज्य शिकवते. मुक्त विद्यापीठाच्या कारागृहातील केंद्रावर पहिल्या वर्षाचे तास घेणार आहे. वर्गात मोबाइल, इंटरनेट नाही. फक्त फळा आणि वह्या. सुरुवात कुठून करू? पुस्तकातली मोठ्या कंपन्यांची उदाहरणं त्यांना परकी वाटतील, असं मला मनापासून वाटतं.

— सुधाताई

ताई, आत जे बनतं तेच उदाहरण घ्या. नाशिकरोड कारागृहात गणेशमूर्ती घडतात. फळ्यावर मांडा: साचे आणि अवजारं ६,००० रुपये, एका मूर्तीची शाडू माती नि रंग ७०, विक्री १९०. मूर्तीमागे १२० उरतात, म्हणजे पन्नासाव्या मूर्तीला साचे-अवजारांचा स्थिर खर्च फिटला. नफा एक्कावन्नाव्या मूर्तीपासून. मग विचारा, रंग महागला तर? भाव उतरवला तर? हे हिशेब त्यांनाच करू द्या, घाई नको. मागणी-पुरवठ्याच्या व्याख्या नंतर आपोआप समजतात.

— देशमुख काका

काकांशी सहमत. भागीदारी मात्र नीट शिकवा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मचं देणं भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोचतं. बाहेर आल्यावर ओळखीच्या भरवशावर धंदा सुरू होतो, लेखी करार राहून जातो.

— नीलिमा

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही सांगा. ती मोफत आहे, आधारवर होते. सुटल्यावर कोणी एजंट पैसे मागू लागला, तर तो लुबाडतोय हे त्यांना कळायला हवं.

— संतोष

काका, मूर्तीचं गणित पहिल्याच तासाला घेते. करारासाठी कोरा नमुना छापून नेण्याची परवानगी मागते आहे.

— सुधाताई