मदत हवी आहे : काळ्या मातीतील पायाची खोदाई आणि भरणी कोणत्या मापाने धरावी?

नमस्कार. बेळगावजवळ येळ्ळूर रस्त्यालगत बिगरशेती झालेल्या ४० × ६० फुटी जागेत आमच्या घराचे काम सुरू झाले आहे. खोदाई पूर्ण झाली असून मृग निघायच्या आत फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) भरून खड्डे बुजवायचे आहेत. खोदाईच्या मापावरून कंत्राटदार आणि आमच्यात एकमत होत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे जसेच्या तसे मांडते. ज्यांनी मोजमाप वही स्वतः लिहिली आहे, अशा जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आमच्याकडची माती काळी, चिकण, भाताच्या शिवारातली आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खाली जावे, असे स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी सांगितले होते. नकाशात बारा कॉलम आहेत. प्रत्येकाला ५ × ५ फुटांचे फुटिंग, त्याखाली चारही बाजूंना ३ इंच जास्त म्हणजे ५.५ × ५.५ फुटांचे ४ इंची पीसीसी (सळईशिवायचा साध्या काँक्रीटचा थर), आणि खोदाईची खोली ५ फूट दाखवलेली आहे. प्रत्यक्षात मुरूम सगळीकडे एका पातळीवर लागला नाही. रस्त्याकडच्या चार खड्ड्यांत तो ५.५ फुटांवर, मधल्या चारांत ६.५ फुटांवर आणि नाल्याकडच्या चारांत ७.५ फुटांवर लागला. नाल्याकडच्या खड्ड्यात उतरून पाहिले तर वरची काळी माती संपल्यावर चुनखडीचे पांढरट खडे मिसळलेला हातभर थर आहे आणि त्याखाली पहार आपटली की आवाज बदलतो, तिथे खरा मुरूम सुरू होतो. म्हणजे जास्तीची खोली गरजेची होती, त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

जेसीबीने खोदल्यामुळे खड्ड्यांच्या बाजू सरळ राहिल्या नाहीत. तळाशी खड्डा साधारण ६ × ६ फूट आहे आणि तोंडाशी ७.५ × ७.५ फूट. करार ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) दरावर झाला आहे, पण ब्रास कशाचा धरायचा, हे कागदावर लिहिलेले नाही. त्यामुळे आता एकाच कामाची पाच मापे समोर आहेत. नकाशातील पीसीसीचे माप आणि नकाशातील खोली धरली तर १२ × ५.५ × ५.५ × ५ म्हणजे १८१५ घनफूट, अर्थात १८.१५ ब्रास होतात. तेच क्षेत्रफळ ठेवून खोली प्रत्यक्षातली, सरासरी ६.५ फूट, धरली तर २३.६० ब्रास. तळाचे ६ × ६ माप आणि प्रत्यक्ष खोली धरली तर २८.०८ ब्रास. कंत्राटदार तोंडाचे माप सरळ खोलीने गुणतात, त्याचे ४३.८८ ब्रास होतात. शिवाय त्यांच्या मुकादमाच्या वहीत बाहेर गेलेल्या ट्रॉल्या ४७ ब्रासच्या आहेत, आणि तेवढ्याचेच पैसे मिळावेत असा त्यांचा आग्रह आहे.

माझे प्रश्न असे. खोदाईचे माप यांपैकी कोणते धरणे न्याय्य ठरेल? खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर त्याचे घनफळ नेमके कसे काढतात? काळी माती बाहेर गेली असल्याने भरणी पूर्णपणे मुरमाची करायची आहे, तर मुरूम किती ब्रास मागवावा? आणि मागच्या बाजूला दोन खोल्यांचे दगडी पायाचे बांधकाम करायचे आहे, त्याच्या चरांचे माप काढताना कोपरे दोनदा मोजले जाऊ नयेत, यासाठी काय करावे? आमचे मेस्त्री फुटात बोलतात आणि नकाशा मिलिमीटरमध्ये आहे, म्हणून शक्य असल्यास उत्तर फुटात द्यावे.

प्रतिसाद : निवृत्त ओव्हरसिअर, खानापूर

ताई, आपण खोली आणि मापे इतकी व्यवस्थित दिली आहेत की उत्तर देणे सोपे झाले. सर्वप्रथम ट्रॉल्यांचा हिशेब बाजूला ठेवावा. जमिनीत घट्ट बसलेली माती उकरली की मोकळी होऊन फुगते, आणि चिकण मातीत ही वाढ पाव ते तिसरा हिस्सा सहज होते. म्हणून खोदाई नेहमी खड्ड्यात मोजतात. ट्रॉलीचे माप धरायचेच असेल तर ते वाहतुकीसाठी धरावे, आणि तेही ट्रॉलीच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी, उंची स्वतः टेपने मोजून. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच भरलेला हौदा म्हणजे १०० घनफूट, एक ब्रास. भरताना उंची दीड फूटच असेल तर तो पाऊणच ब्रास झाला.

आता खड्ड्याचे घनफळ. तोंडाचे क्षेत्रफळ ५६.२५ चौरस फूट आणि तळाचे ३६. या दोहोंची सरासरी काढून खोलीने गुणणे ही चालू पद्धत आहे, पण उत्तर किंचित जास्त येते. बरोबर उत्तरासाठी मध्यावरचे मापही घ्यावे. मध्यावर खड्डा ६.७५ × ६.७५ म्हणजे ४५.५६ चौरस फूट आहे. तोंड, तळ आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करून सहाने भागले की ४५.७५ चौरस फूट हे खरे सरासरी क्षेत्रफळ मिळते. त्याला ६.५ फूट खोली आणि बारा खड्डे यांनी गुणल्यास ३५६८.५ घनफूट, म्हणजे ३५.६९ ब्रास होतात. आपल्या यादीत हे माप नव्हते, आणि माझ्या मते जमिनीतून प्रत्यक्षात निघालेली माती एवढीच आहे. ४७ ला ३५.६९ ने भागून पाहिले तर मोकळेपणाची वाढ ३२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे मुकादमाने ट्रॉल्या खोट्या लिहिलेल्या नाहीत. वही बरोबर आहे, पण तिच्यावर खोदाईचा दर लावणे चूक आहे. तोंडाचे माप पूर्ण खोलीला लावून काढलेले ४३.८८ ब्रासही धरता येणार नाहीत, कारण त्यात न काढलेली माती मोजली गेली आहे.

पैसे कोणत्या मापाचे द्यावेत, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कराराने द्यायला हवे होते. सरकारी कामांत साधारणपणे नकाशातील रुंदी आणि मंजूर झालेली प्रत्यक्ष खोली धरतात, आणि मंजुरीशिवाय जास्त रुंद खोदले तर तो खर्च ठेकेदाराचा. मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. त्याचा भाग १ मातीकामाचा, १९९२ सालचा. त्यात जमिनीच्या प्रकारानुसार खोदाई वेगळी मोजायला सांगितली आहे, आणि माती वर काढण्याची उंची १.५ मीटरच्या टप्प्यांनी धरतात. आपल्या नाल्याकडच्या खड्ड्यांची खोली ७.५ फूट, म्हणजे सुमारे २.२९ मीटर आहे. तिथे पहिल्या १.५ मीटरखालची खोदाई वेगळ्या ओळीत लिहावी.

तरीही १८.१५ किंवा २३.६० ब्रासवर अडून बसू नये, अशी माझी विनंती आहे. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजू मोकळ्या मातीत सरळ उभ्या ठेवणे धोक्याचे असते. एकतर उतार द्यावा लागतो किंवा फळ्या लावून आधार द्यावा लागतो. खाली माणसे सळई बांधत असताना काळ्या मातीचा काठ ढासळला तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे दिलेला उतार कामगारांच्या जिवासाठी आवश्यकच होता, किंबहुना ७.५ फुटांच्या खड्ड्यांना तो थोडा कमीच आहे. म्हणून ३५.६९ ब्रास मान्य करावेत आणि कंत्राटदारांनी ट्रॉल्यांचा आग्रह सोडावा, हे मला न्याय्य वाटते. उकरलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतले जे जास्त असेल तेवढी दूर ठेवावी, हेही मेस्त्रींना सांगावे.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. ४७ आणि ३५.६९ यांचा मेळ असा बसतो हे कंत्राटदारांना दाखवले, तेव्हा त्यांनीही ते मान्य केले. आता मुरमाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण मेस्त्री म्हणतात की जेवढी खोदाई तेवढाच मुरूम मागवा. शिवाय नाल्याकडच्या खड्ड्यांत वाढलेली अडीच फूट खोली डबर (ओबडधोबड दगड) आणि पीसीसीने भरून फुटिंग वर घ्यावे, असेही ते सुचवत आहेत.

प्रतिसाद : साईट इंजिनिअर, निपाणी

ताई, डबर भरून फुटिंग वर घ्यायचे की फुटिंग मुरमावर ठेवून कॉलम लांब करायचा, हे मापाने ठरत नाही. ज्यांनी डिझाईन केले त्या इंजिनिअरांनाच ते ठरवू द्यावे आणि लेखी घ्यावे. कॉलम लांब झाला तर त्याचे काँक्रीट, सळई आणि शटरिंग वाढेल, एवढे मात्र धरून चाला. खालचा हिशेब फुटिंग मुरमावर ठेवले आहे असे धरून केला आहे.

भरणी म्हणजे खोदाईतून जमिनीत राहणाऱ्या वस्तू वजा केल्यावर उरते ती पोकळी. आपल्या एका खड्ड्यात पीसीसी ५.५ × ५.५ × ४ इंच, म्हणजे १०.०८ घनफूट आहे. फुटिंगचा आकार आपण दिलेला नाही. खालचा सरळ भाग ९ इंच, वरचा उतरता भाग ९ इंच आणि त्याचा माथा २ × २ फूट असा धरतो, नकाशात वेगळा असल्यास आकडे बदलून घ्यावेत. सरळ भाग ५ × ५ × ०.७५ म्हणजे १८.७५ घनफूट. उतरत्या भागासाठी खालचे क्षेत्रफळ २५, वरचे ४ आणि या दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १०, अशी ३९ ही बेरीज उंचीने गुणून तिनाने भागावी, म्हणजे ९.७५ घनफूट येतात. अशी बारा फुटिंगे मिळून ३४२ घनफूट, सुमारे ९.६८ घनमीटर काँक्रीट होते. काही जण पूर्ण दीड फूट जाडी धरून ४५० घनफुटांचे बिल लावतात, तेवढे पाहून घ्यावे. सळईने व्यापलेले घनफळ मात्र काँक्रीटमधून वजा करत नाहीत, ती सर्वमान्य रीत आहे.

जमिनीखालचा कॉलम ९ × १५ इंचांचा धरला तर सरासरी ४.६७ फूट उंचीचे ४.३८ घनफूट होतात. अशा रीतीने एका खड्ड्यात सुमारे ४३ आणि बारांत ५.१६ ब्रास जमिनीत राहतात. ३५.६९ मधून ते वजा केल्यास दाबून भरलेली भरणी ३०.५३ ब्रास येते. पण मुरूम ट्रॉलीतून मोकळा येतो, आणि अर्धा-पाऊण फुटाच्या थरांत पाणी मारून धुम्मस केल्यावर बसतो. एक पंचमांश बसतो असे धरले तर सुमारे ३८ ब्रास मोकळा मुरूम लागेल. मेस्त्रींचा आकडा जवळपास जुळतो, पण तो योगायोगाने. खड्डे सरळ ६ × ६ चे असते तर हाच मुरूम २८.६५ ब्रास लागला असता. वाढलेली प्रत्येक ट्रॉली आधी उकरावी लागते, मग बाहेर न्यावी लागते आणि शेवटी विकत आणून भरावी लागते. जेसीबी तासावर लावणाऱ्यांनाही हा मुरमाचा खर्च चुकत नाही. जोत्याच्या आतली भरणी वेगळी धरा आणि तिथे काळी माती अजिबात जाऊ देऊ नका.

मागच्या खोल्यांसाठी मध्यरेषेची पद्धत वापरा. समजा दोन खोल्या मिळून बाहेरच्या भिंतींची मध्यरेषा २० × १२ फूट आहे आणि मध्ये १२ फुटांची एक भिंत आहे. एकूण मध्यरेषा ६४ अधिक १२ म्हणजे ७६ फूट. चार कोपऱ्यांत काही वजा करावे लागत नाही. मधली भिंत बाहेरच्या भिंतींना जिथे मिळते, तिथे मात्र प्रत्येक जोडाला चराच्या रुंदीच्या निम्मे वजा करावे. चर २.५ फूट रुंद असेल तर दोन जोडांचे २.५ फूट जाऊन ७३.५ फूट उरतात. ३ फूट खोलीला ५५१.२५ घनफूट, म्हणजे ५.५१ ब्रास. पडताळा पाहायचा असेल तर लांब भिंती दोन, प्रत्येकी २२.५ फूट, आणि आखूड भिंती तीन, प्रत्येकी ९.५ फूट धरा. बेरीज तीच ७३.५ येते. चूक होते ती याच्या पुढे. दगडी पाया पायरीपायरीने अरुंद होतो, पण लोक सगळ्या थरांना ७३.५ हीच लांबी लावतात. पहिला थर २ फूट रुंद असेल तर त्याची लांबी ७४ फूट आणि त्यावरचा १.५ फुटी थर ७४.५ फूट होतो, कारण वजावट त्या त्या थराच्या रुंदीची असते.

हे चर खोदण्यापूर्वी फक्की मारून (चुन्याच्या भुकटीने आखणी करून) झाली की कोपऱ्यांवर मूळ जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने घेऊन शेजारच्या पक्क्या जोत्यावर खूण करून ठेवा. खोदल्यानंतर आणि पीसीसी टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकत्र मोजून वहीत सह्या करा. पहिला पाऊस झाला की शिवारातले पाणी चरात उतरते आणि तळ चिखल होतो. तो चिखल काढण्याचा आणि पंपाने पाणी उपसण्याचा दर करारात आत्ताच वेगळा लिहून घ्यावा.

धागाकर्ती

आकार आपण धरला तसाच आहे, फक्त माथा २ × २.२५ फूट आहे, तो बदलून घेते. डबराबद्दल इंजिनिअरांना उद्या लेखी विचारणार आहे. मधल्या चार खड्ड्यांपैकी एकाच्या तळात अर्ध्या भागात मुरूम आणि अर्ध्या भागात अजून काळी माती दिसते. तो खड्डा आणखी खाली न्यावा लागेल असे वाटते, म्हणून त्याचे माप वेगळ्या ओळीत लिहून बाकीच्या अकरा खड्ड्यांच्या मापांवर आज सह्या घेत आहोत.