फुकटचे ओंडके: ओकच आहेत का, कसं ओळखू?

मिशिगनकर: आम्ही ॲन आर्बरजवळ राहतो. वादळात पडलेलं झाड कापून शेजाऱ्यांनी ओंडके रस्त्याकडेला ठेवलेत, ‘फ्री’ पाटीसकट. ओक आहे म्हणतात, पण पान एकही नाही. आमच्याकडे लाकडाचा स्टोव्ह आहे. ह्या हिवाळ्यात जाळता येईल?

जुनी कुऱ्हाड: आधी कापलेलं तोंड बघा. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या ठळक फिक्या रेषा असतील तर बहुधा ओकच. ॲश ह्या दुसऱ्या झाडाच्या लाकडात त्या अशा डोळ्यांत भरत नाहीत. मग एक फोडा. ताज्या रेड ओकला आंबूस वास येतो. तरी शंका असेल तर बोटभर तुकडा ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने कापा, एका टोकाला साबणाचं पाणी लावा, दुसरीकडून फुंका. रेड ओकमधून बुडबुडे येतात, व्हाइट ओकच्या नळ्या बुजलेल्या असतात. (बायको ह्याला पोरखेळ म्हणते. म्हणू दे.)

ह्या हिवाळ्याचं मात्र विसरा. फोडून, जमिनीपासून उचलून रचा, फक्त वरून झाका आणि दोन उन्हाळे जाऊ द्या. ओलावा २० टक्क्यांखाली हवा. मीटर नव्याने फोडलेल्या तोंडावर टोचा, बाहेरून नाही. ओलं जाळलंत तर धुराड्यात क्रियोसोट, म्हणजे पेट घेणारा डांबरासारखा थर, साचतो.

मिशिगनकर: रेषा आहेत, वासही तोच! थोडे मेव्हण्याच्या उत्तरेकडच्या केबिनवर नेऊ का?

तळ्याकाठी: अजिबात नको. ओक विल्ट ह्या रोगाची बुरशी सरपणाबरोबर प्रवास करते, आणि ती लागली की रेड ओकचं उभं झाड काही आठवड्यांत मरतं.

जुनी कुऱ्हाड: बरोबर. यंदासाठी वाळलेला ॲश जवळच कुठे मिळतो का बघा.