मदत हवी आहे: रेडिएटरचा पंखा फिरतो, तरी गाडी गरम होते (2003 ची पेट्रोल हॅचबॅक)

मंडळी, नमस्कार.

गाडी वडिलांची. 2003 ची, चार सिलिंडरची, पेट्रोल. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. घर रत्नागिरीत, मिऱ्याच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडी अंगणात पत्र्याखाली उभी असते. 'विकून टाक' हा सल्ला घरातच रोज मिळतो, त्यामुळे इथे तो सोडून बाकी काहीही सांगा.

प्रकार असा आहे. मोकळ्या रस्त्याला तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरा खाली, अगदी स्थिर. हातखंब्यापर्यंत साठच्या स्पीडने गेलो तर काही म्हणजे काही नाही. पण मारुती मंदिरला गर्दीत अडकलो की पाच-सात मिनिटांत काटा हलायला लागतो. एसी लावला तर त्याहून लवकर. गाडी सुटून वारा लागला की काटा आपोआप खाली.

मागच्या महिन्यात आंबा घाटात एका भरलेल्या ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो, तेव्हा काटा लालला टेकला. गाडी बाजूला घेऊन बंद केली. बोनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीतून गुळगुळ आवाज आणि खाली हिरवं पाणी. मागच्या सीटवर आई. तिची दर महिन्याला कोल्हापूरला तपासणी असते. ती बिचारी काही बोलली नाही, पण परत निघताना 'आपण एसटीने जाऊ' म्हणाली. ते जरा लागलं.

आतापर्यंत काय बदललं: आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप), मग कूलंट आणि रेडिएटरचं झाकण, मग टेम्परेचर सेन्सर, मग पंख्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच). प्रत्येक वेळी गॅरेजवाले म्हणाले 'आता होणार नाही'. मजुरी धरून साडेपाच हजार गेले. आता ते म्हणतात पंख्याची मोटार आतून वीक आहे, बदलून बघू, नाहीतर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल.

मोटारीबद्दल मला शंका आहे, कारण वायरमनने तिचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढून थेट बॅटरीवरून दोन वायरी लावल्या तेव्हा पंखा असा सुटला की बोनेटखालची सगळी धूळ माझ्या चष्म्यावर. एरवी तो फिरतो, मी डोळ्यांनी पाहिलंय, पण जीव नसल्यासारखा. कधीकधी सुरू व्हायलाच आढेवेढे घेतो. मी घरी मल्टीमीटर आणून तपासलं: कपलर काढलेला, चावी ऑन, सेन्सरची वायर काढून पंख्याला हुकूम दिलेला (ती काढली की गाडीचा कॉम्प्युटर पंखा चालू करतो). कपलरच्या दोन पिनांमध्ये 12.4 व्होल्ट आले. म्हणजे करंट बरोबर येतोय ना? मग चुकतंय कुठे?

जाता जाता: डावा हेडलाइट हल्ली पिवळट दिसतो. बल्ब बदलला, फरक शून्य. तो वेगळा विषय आहे, त्यासाठी नंतर धागा काढीन.

घाटवाला:
हेड खोलायची घाई करू नका. हेडखालचं गॅस्केट (सील) गेलं असतं तर मोकळ्या रस्त्यालाही चढ आला की गरम झाली असती. तरी मनाच्या समाधानासाठी बघून घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतून सायीसारखा पांढरट थर आहे का, सायलेन्सरमधून गरम इंजिनलाही पांढरा धूर येतो का, रोज पाणी कमी होतंय का. हे काहीच नसेल तर तुमची अडचण वाऱ्याची आहे. साठच्या स्पीडला समोरचा वारा पंख्याचं काम करतो, उभ्या गाडीत फक्त पंखा.

आणि घाटात गरम झाली तेव्हा झाकणाला हात लावला नाहीत हे उत्तम केलंत. त्या झाकणावर बहुतेक 0.9 लिहिलेलं असेल, म्हणजे 0.9 बार दाब. तेवढ्या दाबाखाली पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर.

सुटा_स्पेअर:
एवढा विचार कशाला? पंखा डायरेक्ट करून टाका. डॅशबोर्डवर एक स्विच, गर्दी आली की ऑन. माझी सहा वर्षं तशीच चालू आहे. थर्मोस्टॅटही काढून फेकला, झंझट नको.

बारा_व्होल्ट:
सुटा_स्पेअर, राग मानू नका, पण हा सल्ला देऊ नका. दहा-बारा रुपयांच्या स्विचमधून मोटारीचा सगळा करंट नेला तर एक दिवस तोच स्विच वितळतो. आणि थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, सेन्सर कॉम्प्युटरला 'अजून थंड आहे' सांगत राहतो, पेट्रोल जास्त जातं. तुम्ही ॲव्हरेज कधी मोजलंय का?

धागाकर्ते, तुमच्या लेखातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही 'जाता जाता' म्हणून लिहिलीत. डावा हेडलाइट वेगळा विषय नाही. पण त्याआधी ते 12.4 व्होल्ट.

कपलर काढून मोजलं तर वायरीतून करंट वाहतच नाही. सगळे नळ बंद असताना टाकीचा दाब मोजल्यासारखं आहे ते. पाइप चोंदलेला असला तरी दाब पूर्णच दिसणार. तोटी सोडल्यावर धार बघायची असते. पंखा जोडलेला हवा, फिरत हवा, आणि तेव्हा मोजायचं.

मला दोन गोष्टी सांगा. रात्री हेडलाइट लावून उभे असताना पंखा सुरू झाला की डावा दिवा अजून मंद होतो का? आणि एसी लावून कंडेन्सरचा (एसीच्या पुढच्या जाळीचा) दुसरा पंखा सुरू झाला की रेडिएटरच्या पंख्याचा आवाज बदलतो का?

धागाकर्ता:
आत्ताच अंगणात जाऊन आलो. दोन्हीचं उत्तर हो! पंखा सुरू झाला की डावा दिवा स्पष्ट मंद होतो, उजव्याला काही होत नाही. एसी लावला की रेडिएटरचा पंखा दम लागल्यासारखा हळू होतो. मला वाटायचं इंजिनवर लोड येतो म्हणून असेल.

ऑइलच्या झाकणाखाली काळंच आहे, पांढरं नाही. धूरही नाही.

बारा_व्होल्ट:
मग सेन्सर, रिले, कॉम्प्युटर सगळे निर्दोष. सेन्सरचा कपलर काढल्यावर पंखा सुरू होतो म्हणजे हुकूम पोचतोय. अडचण जाड वायरींत आहे, आणि दोन पंखे आणि एक दिवा एकत्र कुरकुरतायत म्हणजे तिघांची सामाईक जागा. ती बहुतेक अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट.

आता असं करा. मीटर डीसी 20 व्होल्टवर. इंजिन चालू, पंखा जोडलेला आणि फिरता. लाल पिन मोटारीच्या काळ्या वायरला, कपलरच्या मागच्या बाजूने आत सरकवून. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही. आकडा 0.2 च्या आसपास यायला हवा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये खोट. मग तसंच प्लसच्या बाजूचं: बॅटरीच्या प्लसपासून मोटारीच्या प्लस वायरपर्यंत. पंखा अचानक सुटतो, तेव्हा शर्टाची बाही, आयडी कार्डाची दोरी वगैरे लांब ठेवा.

धागाकर्ता:
बायको टॉर्च धरून उभी, मी गाडीत डोकं घालून. आकडे:

बॅटरीवर 13.6. प्लसच्या बाजूला 0.4. मायनसच्या बाजूला 4.1!!

मीटर बिघडला असेल म्हणून दोनदा पाहिलं. मग प्रत्यक्ष मोटारीच्या दोन वायरींत मोजलं तर 9.1. बेरीज बरोबर जुळते.

बारा_व्होल्ट:
जुळणारच. मोटारीला साडेतेरा मिळायला हवेत तिथे नऊ मिळतायत. फेरे कमी, म्हणून वारा कमी. आणि ते 4.1 व्होल्ट हवेत जात नाहीत, सडलेल्या जोडावर उष्णता होऊन जातात. बॅटरीच्या ट्रेखाली किंवा डाव्या हेडलाइटच्या मागे काळ्या वायरींचा एक गठ्ठा बॉडीला बोल्टने बसवलेला असेल. पंखा दहा मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि त्या बोल्टला बोट लावा.

लालमातीवाला:
वाचत होतो, एक भर घालतो. कोणी मध्ये कपलरची वायर उलटसुलट जोडली असेल तर ही मोटार उलटी फिरते आणि वारा पुढे ढकलते. फिरताना दिसते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. इथे वायरमनने हात घातलाय म्हणून सांगतो. गाडी उभी, पंखा चालू, आणि पेपरचं एक पान समोरच्या जाळीपुढे धरा. चिकटलं तर बरोबर. उडालं तर उलटा.

धागाकर्ता:
पान चिकटलं. पण फार प्रेमाने नाही, हात सोडला की घसरत होतं.

बोल्ट सापडला. बॅटरी आणि ट्रे काढल्यावर खाली, डाव्या दिव्याच्या अगदी मागे. बोट लावलं तर कोमट! बाजूचा पत्रा गार होता. दहा नंबरच्या पान्याने सोडायला गेलो तर आधी गंजाचे पापुद्रे सुटले. थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर) हिरवा थर, आणि जाड काळी वायर जरा ओढली तर थिंबलपाशी तुटून हातातच आली. दहा-बारा तारा जेमतेम धरून होत्या, बाकी सगळा हिरवा भुगा. बॅटरीचं ॲसिड वरून आणि मिऱ्याचा खारा वारा खालून, असं झालं असावं. दोन पंखे आणि तो दिवा त्या भुग्यावर जगत होते.

बारा_व्होल्ट:
वायर मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. आतून काळी असेल तर अजून मागे. नवं थिंबल पक्कं दाबून बसवा, नुसतं पिळून नको. बॉडीचा रंग पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा काढा, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी लावलंत तर चालेल, पण ते गंजाला उत्तर नाही, घासणंच उत्तर. आणि तुम्ही समुद्रकाठचे, म्हणून तिथूनच एक जादा वायर सरळ बॅटरीच्या मायनसला आणा. चार स्क्वेअर एमएमची पुरे.

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय, कारण खात्री करून मगच सांगायचं ठरवलं होतं.

काम रविवारी केलं. थिंबल, वायर आणि पॉलिश पेपर मिळून एकशे चाळीस रुपये. आता मायनसच्या बाजूला 0.1, मोटारीवर 13.1. पंखा सुरू झाला की घरात कळतं. पेपरचं पान जाळीला असं चिकटतं की ओढून काढावं लागतं. डावा हेडलाइट पांढराशुभ्र, नवा बल्ब उगाच आणला होता.

मारुती मंदिरला मुद्दाम संध्याकाळी, एसी लावून, वीस मिनिटं गाडी चालू ठेवून उभा राहिलो. काटा अर्ध्यापर्यंत आला, पंखा सुटला, काटा परत खाली. काल आंबा घाटही केला. साखरप्याच्या पुढे चढ लागल्यावर आईची नजर रस्त्यावर नव्हती, काट्यावर होती. वर पोचल्यावर तिने डबा उघडला, म्हणजे आमच्याकडे ते प्रमाणपत्रच.

गॅरेजवाल्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, 'अर्थिंग असणार हे मी सांगणारच होतो.' जुना सेन्सर आणि जुना रिले दोन्ही चांगलेच निघाले, पिशवीत घालून डिकीत ठेवलेत.

बारा_व्होल्ट, प्लसच्या बाजूचे ते 0.4 तसेच सोडू की फ्यूज बॉक्सही एकदा उघडून बघू?

बारा_व्होल्ट:
चालतील. पण पावसाळ्याआधी फ्यूज बॉक्स उघडा. तुमच्या अंगणात हिरवं काय काय सापडेल सांगता येत नाही.